८.५ च्या जागी १०.५ किलोवॉटचा शॉवर बसवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर घेऊन तीन वर्षं झाली. वरच्या बाथरूममधला ८.५ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर हल्ली कोमटच पाणी देतो. दुकानदार म्हणतो, बदलताच आहात तर १०.५ चा घ्या, धार मोठी येईल. एक हँडीमन शंभर पौंडांत बसवून द्यायला तयार आहे. विजेच्या बोर्डात शॉवरसाठी ४० अँपिअरचा ब्रेकर (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आहे, केबल किती जाडीची ते माहीत नाही. डिसेंबरात साताऱ्याहून सासू-सासरे येतायत, आणि सासरेबुवांना बारीक धारेखाली आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. शेवटी जाता जाता एक वाक्य: दोन वर्षांपूर्वी लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, उष्णता अडवणारं जाड इन्सुलेशन घालून घेतलंय.

आधी उत्तर सांगतो. १०.५ घेऊ नका. ९.५ ला माझी हरकत नाही, पण लॉफ्टमधून केबल कशी गेलीय हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोही नको. आणि ती केबल इन्सुलेशनखाली गाडली गेली असेल, तर आजचा ८.५ सुद्धा तिला जड जातोय. तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते वाक्य माझ्या दृष्टीनं अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मी सांगलीकडचा. आयटीआय तिकडेच केलं आणि गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम करतोय. आपल्या लोकांच्या घरी गेलो की शॉवरबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: "अहो, गावाकडं तीन किलोवॉटच्या गीझरवर अख्खं घर आंघोळ करतं, मग इथं नऊ किलोवॉट जाळूनही धार अशी का?" प्रश्न रास्त आहे, आणि किलोवॉट म्हणजे नेमकं काय ते त्याच्या उत्तरातच आहे.

इथला इलेक्ट्रिक शॉवर थेट थंड पाण्याच्या मेन लाइनवर असतो. साठवण नाही, टाकी नाही. भिंतीवरच्या त्या डब्यात अर्ध्या-पाऊण लिटरचाही साठा नसतो. पाणी एका बाजूनं शिरतं, कॉइलवरून जातं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. त्या दोन-चार सेकंदांत जेवढी उष्णता देता येईल तेवढीच. हिशेब सोपा आहे: किलोवॉटला १४.३ नं गुणा आणि पाणी जितके अंश तापवायचं त्यानं भागा, मिनिटाला किती लिटर मिळेल ते येतं. साताऱ्यात हिवाळ्यातही नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास धरा. ४० पर्यंत न्यायला २० अंश लागले. ३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरमधून मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर पाणी येईल. बादली लावून ठेवली, तोवर चहा घेतला, काम झालं. रेडिंगमध्ये जानेवारीत नळाचं पाणी ८ अंशांवर येतं. म्हणजे ३२ अंश चढवायचे. तोच गीझर इथं लावला तर मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी देईल. त्याखाली उभं राहून आंघोळ होत नाही, दात वाजतात.

आणि साठवणीचा गीझर म्हणजे वेगळीच गोष्ट. १५ लिटरचा २ किलोवॉटचा गीझर २०-२२ मिनिटं आधी चालू करून पाणी ६० अंशांपर्यंत नेतो आणि आपण ते थंडात मिसळून वापरतो. उष्णता आधी जमा केलेली असते. तांब्याचा बंबही हेच करायचा. इथल्या शॉवरला जमा करायला वेळच नाही, जे द्यायचं ते त्याच क्षणी. म्हणून इतका मोठा आकडा.

आता दुकानदाराच्या १०.५ कडे येऊ. खोक्यावरचा हा आकडा २४० व्होल्टवरचा आहे. शॉवरच्या अंगावरचं लेबल वाचलंत तर बहुतेकदा दोन आकडे दिसतील: २४० व्होल्टवर १०.५ आणि २३० व्होल्टवर ९.६. यंत्र तेच, कॉइल तीच, व्होल्टेज कमी मिळालं की करंट कमी आणि उष्णता त्याहून कमी. ब्रिटनमध्ये १९९५ पासून कागदोपत्री व्होल्टेज २३० आहे, पण कायद्यानं ते २१६ पासून २५३ पर्यंत कुठंही असू शकतं आणि प्रत्यक्षात बहुतेक घरांत २४० च्या जवळच मिळतं. विकणारे मोठा आकडा छापतात, त्यात खोटं काही नाही. पण एका दुकानातला ९.५ आणि दुसऱ्यातला ८.७ यांची तुलना करून पहिला जास्त दमदार समजू नका, दोन्ही एकच यंत्र असू शकतं.

मी २३० चा आकडा धरून हिशेब करतो, म्हणजे निराशा होत नाही. जानेवारीतल्या ८ अंशांच्या पाण्यावर तुमचा जुना ८.५ चा शॉवर, नवा असताना, मिनिटाला साडेतीन लिटर देत होता. ९.५ चा ३.९ देईल. १०.५ चा ४.३. म्हणजे दुकानदार ज्याला मोठी धार म्हणतो, ती मिनिटाला पाऊण लिटरनं मोठी आहे. जेमतेम एक तांब्या. उन्हाळ्यात पाणी १८ अंशांवर आलं की सगळेच सुधारतात, ८.५ चा पाच लिटरवर जातो, १०.५ चा सव्वासहावर, पण फरक साधारण तांब्याभराचाच राहतो. दाब वाढवणं किलोवॉटच्या हातात नाही. दाब तुमच्या रस्त्यातल्या पाइपलाइनचा, आणि शॉवर ते पाणी मुद्दाम अडवून बारीक करतो, कारण जास्त सोडलं तर गार पडेल.

विश्वास बसत नसेल तर घरीच बघा. शॉवर सोडा, तुम्हाला हवं तितकं गरम पाणी येईपर्यंत थांबा, मग शॉवरचा हँडसेट, म्हणजे हातात धरायचा भोकांचा भाग, बादलीत धरून मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पाणी लिटरच्या मापानं मोजा. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात, कारण मोजल्यावर धार बरोबरच निघते.

तुमचं पाणी कोमट येतंय, त्याचं कारण मात्र वेगळं दिसतं. या शॉवरमध्ये सहसा दोन कॉइल असतात. दोन्ही चालू असल्या की पूर्ण ताकद, एकच असली की अर्धी. एक जळाली की पाणी येत राहतं, दिवाही लागतो, पण पाणी कोमट. धार अगदी कमी केल्यावर गरम होत असेल तर हाच संशय पक्का. रेडिंगचं पाणी चुन्याचं आहे, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तोच कॉइलवरही बसतो. थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि जाते. दहा वर्षांवरचा शॉवर असेल तर कॉइल बदलण्यात पैसे घालू नका, नवाच घ्या. मात्र नव्याचीही हीच गत व्हायला नको असेल तर हँडसेटची भोकं दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करत चला. भोकं बुजली की आत दाब साचतो आणि डब्याच्या खाली असलेला दाबाचा झडप-गोळा बाहेर पडतो. मग शॉवरच्या खालून पाण्याची पिचकारी. एकदा एका घरात नवऱ्यानं ते भोक एम-सीलनं बुजवलेलं पाहिलंय. तो गोळा सुटला म्हणून डबा फुटला नाही, हे त्याला समजवायला अर्धा तास गेला.

आता केबल.

ब्रेकर शॉवरसाठी नसतो, केबलसाठी असतो. केबलला जेवढं झेपतं त्याच्या आत ब्रेकर, आणि ब्रेकरच्या आत शॉवर. हा क्रम उलटा झाला की घर पेटतं. ८.५ चा शॉवर २४० व्होल्टवर ३५.४ अँपिअर ओढतो, ९.५ चा ३९.६, १०.५ चा ४३.७५. तुमचा ४० चा ब्रेकर ९.५ पर्यंत कसाबसा पुरतो. १०.५ बसवायचा तर ४५ चा नाहीतर ५० चा ब्रेकर लागेल, आणि मग प्रश्न येतो केबलचा. हँडीमन शंभर पौंडांत नेमकं काय करेल? शॉवर लटकवेल, ब्रेकर सारखा पडतोय म्हटल्यावर मोठा ब्रेकर घालेल, आणि केबल तीच राहील.

तुमच्या घरात बहुधा ६ स्क्वेअर एमएमची केबल असेल (हा आकडा आतल्या तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा). ४० च्या ब्रेकरबरोबर तीच जास्त दिसते. खात्री कशी करायची? तारा मोजून नाही, कारण ६ आणि १० दोन्हींत सातच तारा असतात. एका तारेची जाडी मोजावी लागते: ६ मध्ये एक तार १.०४ मिलिमीटर, १० मध्ये १.३५. कॅलिपरशिवाय हे दिसत नाही, आणि त्यासाठी दोरीचा स्विच, म्हणजे बाथरूमच्या छतातला दोरी ओढून चालू-बंद करायचा शॉवरचा स्विच, उघडावा लागतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनचंच. आतल्या वायरी लाल-काळ्या निघाल्या तर केबल २००६ च्या आधीची, तपकिरी-निळ्या निघाल्या तर बहुधा नंतरची. जुनी असली म्हणून वाईट नव्हे. तांबं म्हातारं होत नाही, वरचं प्लास्टिक होतं, आणि ते उष्णतेनं होतं.

६ स्क्वेअरची केबल भिंतीवर किंवा लाकडाला मोकळी क्लिप केलेली असेल तर तिला ४७ अँपिअर झेपतात. तीच केबल माळ्यात, खालच्या खोलीच्या छताच्या प्लास्टरबोर्डवर पडलेली असेल आणि वर १०० मिलिमीटरपर्यंत इन्सुलेशन असेल तर ३४. इन्सुलेशन १०० च्या वर असेल तर २७. हल्ली लॉफ्टमध्ये २७० मिलिमीटर घालतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वी घर उबदार करायला तुम्ही जे काम केलंत, त्यानं त्या केबलची ताकद ४७ वरून २७ वर आणली असू शकते. ब्रेकर ४० चाच राहिला. शॉवर ३५ अँपिअर ओढत राहिला. कुणी काही चुकीचं केलं नाही. इन्सुलेशनवाल्यानं त्याचं काम केलं, इलेक्ट्रिशियन कधीच निघून गेला होता.

केबल किती तापते याचा अंदाज हवा असेल तर बघा: बोर्डापासून शॉवरपर्यंत १५ मीटर ६ ची केबल धरा. ३८ अँपिअर वाहताना तिच्यात सव्वाचार व्होल्ट पडतात आणि १६० वॅट उष्णता निघते. मोकळ्या हवेत हे काहीच नाही. पण याच केबलचे पाच-सहा मीटर गोधडीत गुंडाळलेत समजा. दहा मिनिटांच्या आंघोळीत धोका नाही, पण चार माणसं एकापाठोपाठ आंघोळीला गेली, सणावाराला पाहुणे आले, की ती पाऊण तास तापत राहते. डिसेंबरात तुमच्याकडं हेच होणार आहे.

उपाय मात्र स्वस्त आहे. केबलला थोडी ढील असेल तर ती इन्सुलेशनच्या वर उचलून लाकडाच्या बाजूनं क्लिप करायची. तासाभराचं काम. त्यानं ४७ अँपिअर परत मिळतात. लॉफ्ट उन्हाळ्यात तापतो, ४० अंशांच्या हवेत ४७ चे ४१ होतात. ४० चा ब्रेकर त्यात बसतो, ४५ चा बसत नाही. ६ च्या केबलवर ९.५ ला मी हो म्हणतो आणि १०.५ ला नाही, ते याच आकड्यांवरून. आणि ती भिंतीतून खाली कशी उतरते तेही बघायचं. बाहेरची भिंत आतून इन्सुलेट केलेली असेल, पोकळ पार्टिशनमध्ये लोकर भरलेली असेल, तर तिथं पुन्हा तोच हिशेब. पूर्ण वाटेतली सगळ्यात वाईट जागा ठरवते, बाकीचे तेरा मीटर कितीही मोकळे असोत.

कुणाला १०.५ च हवा असेल तर बोर्डापासून नवी १० स्क्वेअरची केबल ओढा. मोकळी असेल तर ६४ अँपिअर, जाड इन्सुलेशनखाली ३६. होय, १० ची सुद्धा गाडली तर १०.५ ला अपुरी. नवी केबल म्हणजे फरशी उचलणं, कपाट हलवणं, भिंतीत खाच, रंग. मिनिटाला एका तांब्यासाठी. बाथरूम मुळापासून नव्यानं करत असाल आणि भिंती उघड्याच असतील, तर मात्र १० चीच टाका, मग शॉवर ८.५ चा का लावेना. तेव्हा जास्तीचा खर्च केबलपुरताच असतो.

दोरीच्या स्विचबद्दल एक गोष्ट. मिल्टन कीन्सजवळ एका गुजराती घरातून फोन आला. शुद्ध शाकाहारी घर, घरात अंडंसुद्धा येत नाही. आजी आठ दिवस म्हणतायत, शेजारी मासे भाजतात. वास फक्त सकाळी, आणि फक्त वरच्या मजल्यावर. मी जिन्यावर पाय ठेवला आणि सुकं बोंबील तव्यावर टाकल्यासारखा वास आला. सांगलीचा असलो तरी मालवणच्या मेव्हण्याकडं हा वास भरपूर घेतलाय. बाथरूमच्या छतातला दोरीचा स्विच खाली काढला. पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात चहासारखं तपकिरी झालेलं, आत न्यूट्रलच्या वायरवरचं प्लास्टिक काळं पडून पापडासारखं कुरकुरीत झालेलं, बोट लावताच तुकडे पडले. स्क्रू पेचकसानं दीड फेरा आत गेला, इतका ढिला होता. स्विचचं प्लास्टिक तापलं की माशासारखा वास येतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि घरातल्या कुणालाच नसतं. ब्रेकर पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता, कारण करंट जास्त नव्हताच. तोच ३६-३७ अँपिअर, फक्त एका ढिल्या टोकातून जाणारा. तिथं सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी ७.५ च्या जागी नवा मोठा शॉवर बसवला होता आणि स्विचला हात लावला नव्हता.

म्हणून शॉवर बदलताना स्विचही बदला, ५० अँपिअरचा, दोन्ही वायरी तोडणारा. दहा-पंधरा पौंडांची वस्तू आहे. शॉवरच्या आतल्या टर्मिनलचे स्क्रू पूर्ण ताकदीनं आवळा, केबल हलवून बघा आणि पुन्हा आवळा, कारण सात तारांची जाड केबल पहिल्यांदा आवळल्यावर बसते आणि जागा करते. सहा महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी मेन बंद करून कुणाकडून तरी एकदा बघून घ्या. रोज थंड-गरम होणाऱ्या तांब्यावरचा स्क्रू ढिला होतो, यात कारागिराची चूक असेलच असं नाही.

बोर्डाकडं या. शॉवरवर ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे करंट गळला की क्षणात वीज तोडणारा स्विच, असायलाच हवी. तुमच्या बोर्डात टेस्टचं बटण असलेला चौकोनी स्विच दिसतो का बघा, आणि शॉवरचा ब्रेकर त्याच्याच गटात आहे का तेही. २००८ पासून बाथरूमच्या सगळ्या नव्या सर्किटना ती सक्तीची आहे, आणि कुठल्याही नव्या शॉवरच्या पुस्तिकेत ती मागितलेली असते. नसेल तर बोर्डात जागा असेल तिथं आरसीबीओ, म्हणजे ब्रेकर आणि आरसीडी एकातच, बसवता येतो. ओल्या अंगावर ज्या यंत्रातून पाणी पडतं त्याला ही नसणं म्हणजे मी हात जोडून निघून येतो, काम घेत नाही.

मीटरजवळच्या मेन फ्यूजवर नजर टाका. तुमच्यासारख्या १९३० च्या काळातल्या घरांत अजून ६० अँपिअरचा सापडतो. नुसता शॉवर ४० खातो. पुढं इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर घेतलात तर तो ३२. दोन्ही एका वेळी चालले आणि कुणी स्वयंपाकघरात इंडक्शन लावलं की साठ कधीच ओलांडले. फ्यूज लगेच उडत नाही, म्हणून लोकांना वाटतं चाललंय. तो फ्यूज वितरण कंपनीचा असतो, त्याचं सील आपण तोडायचं नाही. त्यांना कळवलं की ते येऊन बघतात आणि जमलं तर ८० किंवा १०० चा घालतात. चार्जरचा विचार असेल तर शॉवरच्या आधी हे करून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये जुन्या जागी नवा शॉवर बसवायला कौन्सिलला कळवावं लागत नाही. नवं सर्किट ओढलं, म्हणजे वेगळी केबल आणि बोर्डात वेगळी जागा, तर कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन ते स्वतःच करतो आणि थोड्या दिवसांनी तुम्हाला प्रमाणपत्र पोस्टानं येतं. घर विकताना वकील ते मागतो. आपल्या माणसांना कागद जपायची सवय असते, त्यामुळं यावर जास्त बोलत नाही.

बिलाची भीती काही जणांना असते, की ९.५ चा लावला तर युनिट जास्त जळतील. १० लिटर पाणी ८ वरून ४० अंशांवर न्यायला ०.३७ युनिट लागतं, मग शॉवर कुठलाही असो. मोठा शॉवर तेच काम लवकर करतो. जास्त जळतं ते तेवढाच वेळ उभं राहिल्यामुळं, आणि ते सांगायला इलेक्ट्रिशियन कशाला हवा.

नवा शॉवर निवडताना किलोवॉटइतकंच एका गोष्टीकडं बघा: पाण्याचा पाइप आणि केबल डब्यात कुठून शिरतात. जुन्याचं पाणी डावीकडून खालून येत असेल आणि नव्याला फक्त उजवीकडून चालत असेल, तर टाइल्स फुटणार. बरेच नवे शॉवर दोन-तीन ठिकाणांहून घेतात, खोक्यावर चित्र असतं. जुन्या डब्याच्या चौकटीपेक्षा नवा लहान असेल तर मागं टाइलवर पिवळा चौकोन आणि चार भोकं दिसत राहतील. भोकं सिलिकॉननं बुजवा, नाहीतर पाणी भिंतीत जातं. पाण्याची नळी जोडण्याआधी थंड पाणी मिनिटभर बादलीत सोडून पाइपमधला कचरा काढून टाका. मागच्या वर्षी बसवून आठव्या दिवशी बंद पडलेला नवा शॉवर मी उघडला, आत जाळीवर हिरवट तांब्याचा चुरा होता.

आता सासरेबुवा. ९.५ लावून त्यांचं समाधान होणार नाही, हे आत्ताच सांगतो, कारण त्यांना हवं ते यंत्र हे नव्हेच. तुमच्याकडं गॅसचा कॉम्बी बॉयलर (घरही गरम करणारा आणि टाकीशिवाय नळाचं पाणीही तापवणारा) आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. असेल, आणि २४ किलोवॉटचा जरी असेल, तरी तो जानेवारीतही मिनिटाला साडेदहा लिटर गरम पाणी देतो. नव्या इलेक्ट्रिक शॉवरच्या अडीच-पावणेतीन पट. त्यावर बाथटबच्या नळाला जोडलेला मिक्सर शॉवर बसवला तर खरी मोठी धार मिळते, आणि गॅसचं युनिट विजेच्या मानानं साधारण चौपट स्वस्त पडतं. तसं केलंत तर इलेक्ट्रिक शॉवर काढू नका, ८.५ चाच साधा नवा लावून ठेवा, कारण बॉयलर बंद पडतो तो नेमका थंडीतच.

आणि तेही डिसेंबरच्या आत झालं नाही तर टबाच्या नळाखाली बादली लावा. दीड मिनिटात पंधरा लिटरची भरते. बादली मात्र नळाखाली मावेल अशी बसकी घ्या, टबात पायाखाली रबराची चटई टाका आणि तांब्या त्यांना साताऱ्याहून आणायला सांगा.